आज्ञावलीचे निवडटिपण : लिंटपासून घरच्या नियमांपर्यंत

१५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील 'एटी अँड टी' या कंपनीचे लांब पल्ल्याच्या दूरध्वनीचे जाळे कोलमडले. न्यूयॉर्कमधील एका स्विचिंग केंद्रात किरकोळ बिघाड झाला. त्या केंद्राने ठरल्याप्रमाणे स्वतःला काही क्षण बाजूला घेतले, सावरले, आणि पुन्हा कामाला लागल्याचे शेजारच्या केंद्रांना कळवले. ती वार्ता नोंदवून घेत असतानाच पाठोपाठ दुसरा संदेश आला की शेजारची केंद्रे गोंधळत आणि स्वतःच बंद पडत. सावरल्यावर तीही आपल्या शेजाऱ्यांना तशीच वार्ता धाडत. बरे झालेल्यानेच रोग पसरवावा असा हा प्रकार. ११४ केंद्रांच्या त्या जाळ्यात ही साथ सुमारे नऊ तास फिरत राहिली.

कारण सापडले ते डिसेंबर १९८९ मध्ये बसवलेल्या सुधारित आज्ञावलीत. ती सी या भाषेत लिहिलेली होती. त्या भाषेत 'ब्रेक' असा एक शब्द आहे. 'येथून बाहेर पड' एवढाच त्याचा अर्थ. पण 'येथून' म्हणजे कोठून, हे तो कोणत्या चौकटीत बसला आहे यावर ठरते. 'स्विच' नावाच्या चौकटीच्या आत 'इफ' आणि त्या 'इफ'च्या आत हा 'ब्रेक', अशी रचना होती. तो 'इफ'मधून नव्हे तर सबंध 'स्विच'मधून बाहेर पडे, आणि मधले आवश्यक काम राहून जाई. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष होते. कंपायलरने, म्हणजे मानवी लिखाणाचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या अनुवादकाने, ते मुकाट्याने स्वीकारले होते. अर्थ मात्र लिहिणाऱ्याच्या मनातला नव्हता.

भाषेचे अध्यापन हा ज्यांचा व्यवसाय, त्या आमच्यासारख्यांना या विषयाची ओढ लागते ती येथे. शुद्ध वाक्य चुकीचा अर्थ सांगते तेव्हा ती चूक पकडायची कोणी, आणि कोणत्या नियमाच्या आधारे? संगणकाच्या क्षेत्रात या प्रश्नाला जवळजवळ अर्ध्या शतकाचा इतिहास आहे. तो बहुधा तंत्रज्ञांनी तंत्रज्ञांसाठी सांगितलेला असतो. आमच्या मते तो नियम करण्याचा अधिकार कोणाकडून कोणाकडे गेला याचा इतिहास आहे, आणि म्हणून साहित्याच्या वाचकांनाही परका वाटू नये.

योगायोग असा की चूक आधीच वेचून काढणाऱ्या पहिल्या नावाजलेल्या साधनाचा जन्म त्याच एटी अँड टीच्या बेल प्रयोगशाळेत झाला होता. स्टीफन जॉन्सन हे तेथील संशोधक. भाषांचे व्याकरण दिले की त्यापासून विश्लेषक तयार करून देणारे 'याक' हे साधन त्यांचेच. एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सहज नेता येईल असा सीचा कंपायलरही त्यांनीच रचला. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्स ही कार्यकारी प्रणाली एका वेगळ्या घडणीच्या यंत्रावर नेण्याचे काम चालू होते. जुन्या यंत्रावर गुण्यागोविंदाने चालणारी वाक्ये नव्यावर अडखळू लागली. या घडामोडीत जॉन्सन यांनी आपल्या कंपायलरचा पुढचा भाग घेतला, अनुवाद करणारा भाग वगळला, आणि केवळ वाचून तक्रारी मांडणारे एक साधन तयार केले. त्याची माहिती देणारे टिपण १९७८ चे. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ते बेलच्या बाहेर पोहोचले. नाव ठेवले 'लिंट'. कपड्यांना चिकटून राहणाऱ्या बारीक तंतूंना इंग्रजीत लिंट म्हणतात. बारसे मराठीत झाले असते तर आम्ही 'निवडटिपण' हे नाव सुचवले असते. तांदळात खडा आहे हे भात खाताना दाताला कळण्यापेक्षा ताटात निवडताना डोळ्याला कळलेले केव्हाही बरे. आज्ञावली न चालवता, नुसती वाचून करायच्या या तपासणीला पुढे 'स्टॅटिक अ‍ॅनालिसिस' म्हणू लागले; आपण 'स्थिर विश्लेषण' म्हणू.

हे काम कंपायलरनेच का करू नये? त्या काळच्या यंत्रांची ऐपत हे एक कारण. युनिक्स ज्या पीडीपी-११ वर वाढले, तेथे एका आज्ञावलीला एका वेळी ६४ किलोबाइट एवढीच जागा दिसे. अनुवादकाने अनुवाद करावा, टीका करत बसू नये, ही श्रमविभागणी सोयीची होती. दुसरे कारण अधिक मुळातले आहे. सीचा कंपायलर एका वेळी एकच फाइल वाचत असे. एका फाइलीत दोन अंक घेणारी क्रिया लिहिली आणि दुसऱ्या फाइलीत तिला तीन अंक दिले, तर प्रत्येक फाइल आपल्यापुरती बरोबर असे. लिंट मात्र सर्व फाइली शेजारी ठेवून वाची. शिवाय जाहीर केलेली पण कधीच न वापरलेली नावे, किंमत देण्याआधीच वाचलेली नावे, ज्या ओळीपर्यंत कोणत्याही वाटेने पोहोचता येत नाही अशा ओळी, हे सारे ते दाखवून देई. या शेवटच्या प्रकाराकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

लिंटच्या रचनेतील सर्वांत बोलकी गोष्ट तक्रारींपेक्षा त्या थांबवण्याच्या सोयीत आहे असे आम्हांला वाटते. आज्ञावलीत टीपेच्या रूपाने 'नॉटरीच्ड' असा शब्द लिहिला की लिंटने समजायचे : येथवर कोणी येत नाही हे लेखकाला ठाऊक आहे. 'आर्ग्जयूज्ड' लिहिले की या क्रियेला दिलेल्या पण न वापरलेल्या बाबींविषयी बोलायचे नाही. नियम आपल्या गरजेनुसार वाकवण्याची सुरुवात अशी झाली. नवा नियम घालता येत नव्हता. असलेल्या नियमाला 'गप्प बैस' एवढेच म्हणता येत होते. सीच्या पंडिताने ठरवलेले नियम, आणि सामान्य लेखकाला फक्त हरकत घेण्याचा हक्क.

मग प्रश्न पडतो : १९९० चा तो 'ब्रेक' लिंटला सापडला असता का? आमच्या समजुतीप्रमाणे नाही. सीच्या सर्वसाधारण नियमांनुसार त्यात काहीच वावगे नव्हते. 'आमच्या केंद्रांच्या आज्ञावलीत स्विचच्या आतल्या इफमध्ये ब्रेक लिहायचा नाही' असा एखादा घरचा नियम असता, आणि तो यंत्राला सांगता आला असता, तर सापडला असता. भाषेचे नियम वेगळे आणि घरचे नियम वेगळे. छापखान्यात जाऊन आलेल्यांना हा भेद चांगला ठाऊक असतो. व्याकरण सगळ्यांचे एकच. पण अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, सनावळी अंकांत की अक्षरांत, हे प्रत्येक मासिकाचे आपले असते, आणि जुना मुद्रितशोधक निवृत्त झाला की निम्मे नियम त्याच्याबरोबर जातात.

येथे सिद्धांताची एक अडचण सांगून टाकली पाहिजे. आज्ञावलीच्या वर्तनाविषयीचा कोणताही अर्थपूर्ण प्रश्न घेतला, तर प्रत्येक आज्ञावलीच्या बाबतीत त्याचे अचूक उत्तर देणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे हेन्री गॉर्डन राइस यांनी १९५३ मध्ये सिद्ध केले. अ‍ॅलन ट्युरिंग यांच्या १९३६ च्या निष्कर्षाचा हा विस्तार. म्हणजे वाचून तपासणारे यंत्र कधी खोटी आरोळी देणार, कधी खरी चूक सोडणार; दोन्ही दोष एकदम टाळता येत नाहीत. चूक सुटताच कामा नये म्हणणाऱ्यांची एक परंपरा आहे. पॅट्रिक आणि राधिया कूझो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर उभे राहिलेले 'आस्त्रे' हे साधन २००३ मध्ये एअरबस ए-३४० च्या उड्डाणनियंत्रक आज्ञावलीवर चालवले गेले आणि त्या आज्ञावलीत अमुक प्रकारची चूक नाहीच, अशी खात्री त्याने दिली. ती परंपरा थोर आहे. तिला स्वतंत्र लेख हवा.

घरचे नियम कागदावर आणण्याचा मोठा प्रयत्न मोटारींच्या जगात झाला. ब्रिटनमधील 'मिस्रा' या मंडळाने १९९८ मध्ये वाहनांतील आज्ञावल्यांसाठी सी भाषेचे १२७ नियम प्रसिद्ध केले. काही अनिवार्य, काही सल्लावजा. पण यातले सगळे यंत्राला तपासता येण्याजोगे नव्हते, आणि जो नियम तपासता येत नाही तो हळूहळू सुविचार होतो. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये हाच मुद्दा उलट बाजूने मांडला. नियम दहाच असावेत, आणि शक्यतो यंत्राने पडताळता येतील असे. त्यांतला दहावा तर असा की कंपायलरच्या सर्व सूचना चालू ठेवायच्या, रोज स्थिर विश्लेषण करायचे आणि एकही तक्रार शिल्लक ठेवायची नाही. तपासनीस उगाच गोंधळला असेल तर ती ओळच अशी लिहा की तो गोंधळणार नाही. नियम काटेकोर आहे खरा, पण अंतराळात यान गेल्यावर दुरुस्तीला कोण जाणार, हेही ध्यानात घ्यावे.

खरा पालट झाला तो २००० मध्ये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डॉसन एंग्लर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कार्यकारी प्रणालींच्या परिषदेत एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे साधे होते. लिनक्ससारख्या प्रणालीचे असंख्य अलिखित नियम असतात. 'इंटरप्ट बंद केलेत तर बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेवर ते पुन्हा चालू करा.' 'वापरकर्त्याकडून आलेला पत्ता तपासल्याशिवाय वापरू नका.' 'मागून घेतलेली स्मृती मिळाली की नाही हे आधी पाहा.' सी भाषेला यांतले काही ठाऊक नसते, म्हणून कंपायलर गप्प. ज्याला ठाऊक असते त्या आज्ञावलीकाराच्या हातात कंपायलर नसतो. तेव्हा कंपायलरलाच एक दार ठेवावे, आणि घरचा नियम त्या दारातून आत सोडावा. यासाठी त्यांनी 'मेटल' नावाची छोटी भाषा केली. तिच्यात नियम लिहायचा म्हणजे दोन-चार अवस्था सांगायच्या : इंटरप्ट चालू आहेत, बंद झाले, आणि बंद असतानाच क्रिया संपली तर तक्रार करा. असे नियम बहुधा शंभर ओळींच्या आतले होते, ते लिहिणाऱ्यांना तपासलेल्या प्रणालींची फारशी खोल माहितीही नव्हती, आणि तरीही लिनक्स, ओपनबीएसडी आदी प्रणालींत मिळून सुमारे ५०० चुका हाती लागल्या.

पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, या मंडळींनी आणखी एक पाऊल टाकले. नियम कोणी सांगितलाच नाही तर? तर संहितेलाच विचारावे. एखाद्या ठिकाणी लेखक एक पत्ता आधी वापरतो आणि दोन ओळींनंतर 'हा पत्ता रिकामा तर नाही ना' असे विचारतो. पहिल्या कृतीत तो रिकामा नाही असा विश्वास आहे, दुसरीत रिकामा असू शकेल असा. दोन्ही विश्वास एकदम खरे असू शकत नाहीत. कोणता नियम मोडला हे माहीत नसतानाही येथे काहीतरी चुकले आहे हे कळते. तसेच, एखादी गोष्ट बहुतेक ठिकाणी कुलूप लावून हाताळली आहे आणि एखाद्याच ठिकाणी उघडी, तर ते ठिकाण संशयास्पद. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. पोथ्यांच्या बाबतीत बहुमत हा पुरावा नसतो; एंग्लर यांनीही तो पुरावा मानला नाही, संशयितांची क्रमवारी लावण्यापुरताच वापरला.

याच काळात लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी २००३ मध्ये 'स्पार्स' हे स्वतःचे तपासनीस साधन लिहायला घेतले. त्यात वापरकर्त्याच्या प्रदेशातल्या पत्त्यांवर खूण करून ठेवायची आणि ती खूण दुर्लक्षून पत्ता वापरला की तक्रार, अशी योजना आहे. घरच्या मालकानेच घरची रीत यंत्राला सांगायला घेतली, एवढी नोंद येथे पुरे.

ज्युलिया लॉल, जील म्युलर, योआन पादियोलो आणि त्यांचे सहकारी दुसऱ्याच अडचणीशी झगडत होते. लिनक्सच्या गाभ्यातील एखाद्या क्रियेचे स्वरूप बदलले की तिला हाक मारणाऱ्या शेकडो उपकरण-आज्ञावल्या बदलाव्या लागतात, आणि हाताने बदलताना चुका होतात. त्यांनी केलेल्या साधनाचे नाव 'कॉक्सिनेल', म्हणजे झाडांवरची कीड खाणारा ठिपक्यांचा लाल किडा. त्याचा नियम हा नेहमीच्या सी संहितेसारखाच दिसतो : काढायच्या ओळीपुढे उणे, घालायच्या ओळीपुढे अधिक, आणि 'मध्ये काहीही असो' हे सांगायला तीन टिंबे. लिनक्सवर काम करणारे लोक एकमेकांना दुरुस्त्या याच खुणांनी पाठवत आलेले आहेत. म्हणजे नियम लिहिण्यासाठी नवी भाषा शिकायची गरज जवळजवळ उरली नाही. मेटलचा आणि याचा फरक आम्हांला फार मोलाचा वाटतो. नियमाची भाषा ही पंडिताची असेल तर नियम पंडितच लिहितो. कामाच्याच बोलीत नियम लिहिता येऊ लागला की काम करणारा लिहितो. २०१० पासून असे नियम लिनक्सच्या संहितेबरोबरच नांदत आहेत. पादियोलो पुढे फेसबुकमध्ये गेले, तेथे त्यांनी याच वळणाचे शोधसाधन केले, आणि त्याच बीजातून २०२० मध्ये 'सेमग्रेप' हे अनेक भाषांसाठीचे साधन लोकांपुढे आले. आज एखाद्या लहान कंपनीतला आज्ञावलीकार दहा ओळींत 'आमच्याकडे ही जुनी क्रिया वापरायची नाही, त्याऐवजी ती वापरा' असा नियम लिहून ठेवू शकतो, त्याचे मूळ तेथे आहे.

जावास्क्रिप्टच्या जगातील कथा अधिक नाट्यमय आहे, आणि मराठी शुद्धलेखनाचे वाद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ती ओळखीची वाटेल. डग्लस क्रॉकफर्ड यांनी २००२ मध्ये 'जेएसलिंट' प्रसिद्ध केले. नियम त्यांचे, आणि त्यांतले पुष्कळसे त्यांच्या अभिरुचीचे. हे साधन तुमच्या भावना दुखावील असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला होता. २०११ मध्ये अनेकांना ते असह्य होऊन 'जेएसहिंट' ही सौम्य शाखा निघाली. आणि २०१३ मध्ये निकोलस झाकास यांनी 'ईएसलिंट' आरंभले, ज्यात प्रत्येक नियम हा सुटा तुकडा. हवा तो लावा, नको तो काढा, आपला स्वतःचा घाला. आपल्याकडे १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम मान्य झाले, १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. एवढ्या अठरा नियमांवर किती शाई वाहिली आहे! ऱ्हस्वदीर्घाची सूट ज्याने त्याने आपल्यापुरती घ्यावी असे कोणी म्हणाले असते तर काय झाले असते, याची कल्पना करून पाहावी. फरक एवढाच की भाषा सर्वांची एकच असावी लागते, घरचे नियम घरापुरते असले तरी चालतात. ईएसलिंट टिकले ते या फरकावर.

स्वातंत्र्य मिळाले की नियमांची संख्या वाढते, आणि गोंगाटही. एंग्लर यांच्या मंडळींनी पुढे 'कव्हेरिटी' ही कंपनी काढली आणि २०१० मध्ये आपल्या अनुभवांवर एक प्रांजळ लेख लिहिला. तक्रारींत खोट्यांचे प्रमाण ३० टक्क्यांपलीकडे गेले की लोक साधनाकडे पाहीनासे होतात, खऱ्या चुकाही त्या ढिगात बुडतात, हे त्यातले एक निरीक्षण. दुसरे अधिक मर्मभेदक आहे : तक्रार समजली नाही की वाचणारा तिला खोटी ठरवून मोकळा होतो. वेळेचाही प्रश्न आहे. फेसबुकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये लिहिले की त्यांच्या 'इन्फर' या साधनाने काढलेली चुकांची यादी अभियंत्यांना नंतर एकगठ्ठा दिली तेव्हा दुरुस्तीचे प्रमाण जवळजवळ शून्य राहिले. त्याच साधनाच्या तक्रारी संहितेतला बदल तपासणीला आलेला असतानाच दाखवल्या तेव्हा ते सत्तर टक्क्यांच्या वर गेले. चूक तीच, वाचणाराही त्याच पेशाचा; फरक एवढाच की आता लेखणी अजून हातात होती. लवकर पकडण्याचा लाभ केवळ नुकसान टळण्यात नसतो, लेखकाला आपण काय म्हणत होतो हे तेव्हा आठवत असते, यातही असतो.

आणि तक्रारीचे नुसते आज्ञापालन केले तर काय होते? डेबियन या लिनक्स वितरणाचे उदाहरण द्यावेच लागेल. तेथील साधन, व्हॅलग्राइंड, हे स्थिर विश्लेषणाचे नव्हते. ते आज्ञावली चालवून पाहणारे होते. पण धडा दोन्हीकडे लागू आहे. गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएल या संग्रहात दोन ठिकाणी अनिश्चित स्मृती वाचली जाते अशी त्याची तक्रार होती. २००६ मध्ये डेबियनच्या देखभालकर्त्याने त्या दोन ओळी निष्क्रिय केल्या. तक्रार थांबली. पण त्यांपैकी एक ओळ यादृच्छिकतेचा सगळा साठा मिसळण्याचे काम करत होती. ती गेल्यावर किल्ली ठरवायला उरला तो केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक, म्हणजे ठरावीक प्रकारच्या किल्लीला जेमतेम ३२,७६८ पर्याय. वास्तविक एवढ्या किल्ल्या घरबसल्या मोजून काढता येतात. मे २००८ मध्ये ल्युसियानो बेलो यांच्या लक्षात ही गोष्ट आली तोवर पावणेदोन वर्षांत तयार झालेल्या किल्ल्या बदलण्याची वेळ जगभरच्या व्यवस्थापकांवर आली. येथे यंत्र खोटे बोलले नव्हते. त्या ओळी तेथे का आहेत हे मात्र त्या ओळींजवळ पुरेसे स्पष्ट लिहिलेले नव्हते.

२०१४ या एका वर्षात या इतिहासाचे दोन्ही टोकांचे पुरावे मिळाले. फेब्रुवारीत अ‍ॅपलच्या सुरक्षित संपर्काच्या आज्ञावलीत 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लिहिली गेल्याचे उघड झाले. दुसरी ओळ बिनशर्त असल्याने तिच्यापुढची पडताळणी कधीच होत नव्हती. तेथे कोणी पोहोचतच नव्हते. न पोहोचण्याजोग्या ओळी दाखवणे हे लिंटचे १९७८ मधले काम! पण दरम्यान जीसीसी या प्रसिद्ध कंपायलरातून ही सूचना २०१० च्या सुमारास काढून टाकली गेली होती, कारण तिचे निकाल भरवशाचे येत नसत. ती मागण्याची कळ राहिली, दाबली तर काही होत नसे. क्लँग या दुसऱ्या कंपायलरात सूचना होती, पण 'सर्व सूचना' या नावाच्या पर्यायात ती येत नव्हती. वेगळी मागावी लागे. नियम होता, विसरला गेला होता.

एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' आला. ओपनएसएसएलमध्ये समोरच्याने सांगितलेली लांबी खरी मानून तेवढी स्मृती परत पाठवली जात असे. हा दोष मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून बाहेर होता आणि कव्हेरिटीसह कोणत्याच नामांकित साधनाला तो दिसला नव्हता, कारण ती लांबी बाहेरून आली आहे हे साधनांना कळत नव्हते. वाट फार वळणांची होती. मग कव्हेरिटीच्या लोकांना एक युक्ती सुचली. जाळ्यावरून येणाऱ्या अंकांतल्या बाइटांचा क्रम उलटवून घ्यावा लागतो. तेव्हा ज्या अंकाचे बाइट कोणी उलटवत आहे, तो अंक परक्या दारातून आला आहे असे धरून चालायचे. एवढे गृहीत धरल्यावर हार्टब्लीड दिसू लागला. चूक झाल्यावर नियम सुचला हे खरे. पण तो सुचला तो संहिता लिहिणाऱ्यांच्या सवयीकडे पाहून, गणिताकडे पाहून नव्हे.

हा सगळा व्यवहार दूरदेशीचाच आहे असे मात्र समजू नये. पुण्यात १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्रात मोटारींसारख्या यंत्रांतील सी आज्ञावल्यांच्या स्थिर विश्लेषणावर दीर्घकाळ काम झाले. आयआयटी मुंबईचे उदय खेडकर आणि अमिताभ सन्याल यांनी बागेश्री करकरे यांच्यासह लिहिलेला विश्लेषणशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ २००९ चा. या विषयाच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. मराठीत मात्र या विषयावर काही लिहायचे म्हटले की परिभाषेपासून सुरुवात करावी लागते, हे वाचकांच्या एव्हाना ध्यानात आलेच असेल.

नियम कसे जन्मतात हे पाहिले. ते निवृत्त कसे होतात, याचे एक उदाहरण देऊन थांबतो. लिनक्सला दुरुस्ती पाठवण्यापूर्वी ती 'चेकपॅच' नावाच्या तपासनिसाखालून काढतात. २००७ पासून तो संहितेबरोबर असतो. ओळ ८० अक्षरांहून लांब झाली की तो तक्रार करी. ८० हा आकडा आयबीएमच्या १९२८ च्या छिद्रपत्रांवरच्या स्तंभांचा. छिद्रपत्रे गेली, त्यांच्यामागून आलेले ८० स्तंभांचे पडदेही गेले, पण लोक तक्रार टाळण्यासाठी चांगली वाक्ये मध्येच मोडत राहिले. मे २०२० मध्ये टोरवाल्ड्स यांनी या मोडतोडीवर उघड नाराजी व्यक्त केली, आणि चेकपॅचमधली मर्यादा १०० करण्यात आली. शैलीपत्रकात मात्र ८० स्तंभांना पसंती असल्याचे वाक्य अजून आहे.